स्वतः बांधलेल्या छोट्या विमानासाठी इंधन कोणते निवडावे?

पंखवेडा

मी अमेरिकेत आयोवा राज्यात राहतो आणि घराच्या गॅरेजमध्ये व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-९ए या दोन आसनी विमानाचा संच जोडत आहे. शेपूट झाली आहे आणि पंखांचे सांगाडे उभे आहेत. या उन्हाळ्यात पंखांतल्या इंधनटाक्या सीलंट लावून बंद करायच्या आहेत. इंजिन अजून मागवलेले नाही. लायकमिंगचे ओ-३२० घ्यायचे हे ठरले आहे, परंतु १५० अश्वशक्तीचे घ्यावे की १६० अश्वशक्तीचे, हे ठरत नाही, आणि ते इंधनावर अवलंबून आहे असे माझ्या लक्षात येऊ लागले आहे.

आमच्या लहान विमानतळावर फक्त १०० एलएल, म्हणजे विमानांसाठीचे शिसेयुक्त निळे अ‍ॅव्हगॅस मिळते, आणि ते बरेच महाग आहे. गावातल्या पंपावर इथेनॉल नसलेले ९१ क्रमांकाचे पेट्रोल मिळते. मक्याचे राज्य असल्यामुळे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल तर कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. आमच्याकडे स्वतः बांधलेले विमान 'एक्स्परिमेंटल' वर्गात नोंदले जाते, त्यामुळे कोणते इंधन वापरायचे याची जबाबदारी बांधणाऱ्यावरच असते. कायद्याने चालेल काय, हा माझा प्रश्न नाही. शहाणपणाचे काय, हे विचारतो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सह्यकडा

विमानातले मला काही कळत नाही, पण गॅरेजमध्ये विमान बांधू देणाऱ्या वहिनींना आधी नमस्कार सांगा. धागा वाचत राहीन.

ऑक्टेनराव

पंखवेडा, अभिनंदन. टाक्या बंद करण्याआधी हा प्रश्न विचारलात हे उत्तम झाले, कारण बहुतेक जण तो विमान रंगवून झाल्यावर विचारतात.

प्रथम ऑक्टेनच्या, म्हणजे इंधन वेळेआधी न भडकता किती दाब सोसते त्याच्या, आकड्यांचा घोळ दूर करू. तुमच्या पंपावरचा ९१ हा आकडा दोन चाचणीपद्धतींची सरासरी असतो. त्यांतल्या 'रिसर्च' पद्धतीने तेच पेट्रोल साधारण ९५-९६ भरते, आणि युरोपात व भारतात पंपावर लिहितात तो आकडा या पद्धतीचा असतो. 'मोटर' ही पद्धत अधिक कठोर आहे. तिने तेच पेट्रोल ८६-८७ च्या आसपास येते, तर १०० एलएल ९९.६ किंवा त्याहून वर असते. म्हणून ९१ आणि १०० यांत फक्त नऊचा फरक आहे असे समजू नये. इंजिन तापलेले असताना आणि भार पूर्ण असताना खरा फरक तेरा-चौदाचा पडतो.

आता इंजिनाकडे वळू. १५० अश्वशक्तीच्या ओ-३२० मध्ये संपीडन गुणोत्तर (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) ७:१ आहे आणि ते मुळात ८०/८७ या जुन्या, कमी ऑक्टेनच्या विमान-पेट्रोलासाठी बनवलेले इंजिन आहे. तुमच्या गावातले ९१ त्याला ऑक्टेनच्या बाबतीत सहज पुरते. १६० अश्वशक्तीच्या इंजिनात गुणोत्तर ८.५:१ आहे. त्यातही लोक ९१ वापरतात आणि तशी परवानगी मिळालेली कारखान्यात बनलेली विमानेही आहेत. मात्र तिथे हातात राहणारी सूट कमी होते. उन्हाळ्याच्या दुपारी पूर्ण भाराने चढताना सिलिंडरचे तापमान वाढले की मिश्रण ठिणगीनंतर एकसारखे जळण्याऐवजी उरलेला भाग एकदम भडकतो. मोटारीत त्याचा आवाज ऐकू येतो. विमानात पंख्याच्या आणि हवेच्या आवाजात तो ऐकू येत नाही, आणि पिस्टनला भोक पडल्यावरच कळते.

माझे मत सरळ आहे: दहा अश्वशक्तीचा मोह सोडा आणि ७:१ घ्या. आरव्ही-९ए चा पंख लांब आणि कार्यक्षम असल्यामुळे त्याला त्या दहांची फारशी गरज नाही.

भाबडा_प्रश्न

मग दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल आणून त्यात पाणी घालून हलवले आणि खाली बसलेले पाणी-इथेनॉल काढून टाकले, तर स्वस्तात शुद्ध पेट्रोल मिळणार नाही का? यूट्यूबवर असे करणारे पाहिले आहेत.

ऑक्टेनराव

भाबडा_प्रश्न, इथेनॉल निघून जाते हे खरे, पण त्याच्याबरोबर ऑक्टेनही जाते. अमेरिकेत ८७ क्रमांकाचे साधे पेट्रोल बनवताना शुद्धीकरण कारखान्यातून सुमारे ८४ चेच मूळ पेट्रोल निघते आणि उरलेला आकडा दहा टक्के इथेनॉल भरून काढते. तुम्ही धुतलेत की हातात ८४ उरणार, तेही पाण्याने संपृक्त झालेले. शिवाय ते धुवायचे कुठे आणि ते सांडपाणी टाकायचे कुठे, हा वेगळा प्रश्न आहे.

थेम्सकाठ

ऑक्टेनवर बोलणे आकर्षक असते, परंतु माझ्या अनुभवात छोट्या विमानात मोटारीच्या पेट्रोलाचा खरा धोका बाष्पाचा आहे, आणि तो धाग्यात अजून कोणी काढलेला नाही.

मी इंग्लंडमध्ये एका जुन्या विमानात भागीदार आहे. आमच्याकडे मोटारीचे पेट्रोल वापरणाऱ्या विमानांसाठी रूढ असलेली मर्यादा अशी: टाकीतल्या इंधनाचे तापमान २० अंश सेल्सियसहून अधिक असेल तर उड्डाण करू नये आणि ६,००० फुटांच्या वर जाऊ नये. विमानात तशी पट्टीच चिकटवलेली असते. नवख्यांना हे नियम जाचक वाटतात, पण त्यांमागचे कारण समजले की पटतात.

अ‍ॅव्हगॅसचा बाष्पदाब ३८ ते ४९ किलोपास्कल या अरुंद पट्ट्यात बांधलेला असतो आणि तो वर्षभर तसाच राहतो. मोटारीच्या पेट्रोलाचा बाष्पदाब ऋतूप्रमाणे मुद्दाम बदलतात. थंडीत गाडी लवकर सुरू व्हावी म्हणून हिवाळी पेट्रोल अधिक उडनशील ठेवतात आणि थंड प्रदेशांत तो १०० किलोपास्कलपर्यंत जाऊ शकतो. ही मोजणी ३८ अंश सेल्सियसला होते. १०,००० फुटांवर बाहेरच्या हवेचा दाबच ७० किलोपास्कलच्या आसपास असतो. म्हणजे मार्चमध्ये भरलेले हिवाळी पेट्रोल टाकीत राहिले आणि एप्रिलच्या पहिल्या कडक उन्हात विमान धावपट्टीशेजारी तापत उभे राहिले, तर वर चढताना ते नळीतच उकळू लागणे शक्य आहे. पंप द्रव ढकलण्यासाठी असतो. त्याच्या तोंडाशी वाफ आली की तो नुसताच फिरतो.

पंखवेडा, तुमचे विमान खालच्या पंखाचे आहे, त्यामुळे इंधन इंजिनाकडे वर खेचून न्यावे लागते, आणि खेचताना नळीतला दाब आणखी कमी होतो. वरच्या पंखाच्या विमानात गुरुत्वाकर्षण मदत करते. अमेरिकेतल्या ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संस्थेने १९८२ मध्ये मोटारीच्या पेट्रोलाची पहिली मान्यता मिळवली ती वरच्या पंखाच्या सेस्ना १५० साठी. त्याच जातीची इंजिने असलेल्या खालच्या पंखाच्या काही पायपर चेरोकींना मात्र पुढे अशी मान्यता मिळवताना इंधनपंपांची रचनाच बदलावी लागली.

ऑक्टेनराव

थेम्सकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. पिस्टनला भोक पडण्याआधी टेकऑफमध्ये इंजिन बंद पडण्याची शक्यता अधिक, हे मान्य.

नीलांबरी

माझ्याकडे आरव्ही-१२ आहे आणि त्यात रोटॅक्स ९१२ यूएलएस हे १०० अश्वशक्तीचे इंजिन आहे. आमच्या इंजिनाचे गणित लायकमिंगच्या उलट आहे, म्हणून लिहिते. रोटॅक्सला मोटारीचे पेट्रोलच मानवते. संपीडन गुणोत्तर १०.५:१ च्या पुढे असूनही ते रिसर्च पद्धतीच्या ९५ ऑक्टेनवर चालते, कारण सिलिंडर लहान आहेत आणि त्यांची डोकी पाण्याने थंड होतात. अ‍ॅव्हगॅस चालते, पण शिसे तेलात उतरते, कारण इंजिन आणि पंख्याचा गिअरबॉक्स दोन्ही एकच तेल वापरतात. प्रवासात सतत अ‍ॅव्हगॅस भरावे लागले की तेलाच्या टाकीच्या तळाशी करड्या रंगाचा, बोटाने खरवडावा लागेल असा चिकट गाळ सापडतो, आणि तेच गिअरबॉक्सच्या क्लचमध्येही बसते. म्हणून उड्डाणाच्या तासांपैकी ३० टक्क्यांहून अधिक तास शिसेयुक्त इंधनावर गेले, तर तेल बदलण्याची मुदत कंपनीने कमी केलेली आहे, आणि पूर्ण कृत्रिम तेल अशा वेळी टाळावे लागते, कारण ते शिसे धरून ठेवत नाही.

तात्पर्य, कोणते इंधन चांगले हा प्रश्न इंजिनाचे नाव घेतल्याशिवाय विचारताच येत नाही.

रानवारा

नीलांबरीताईंच्या प्रतिसादाला भारतातली एक पुरवणी जोडतो. मी पुण्याच्या बाजूला एका मित्राच्या मायक्रोलाइटची, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानाची, देखभाल करायला मदत करतो. इंजिन रोटॅक्सचेच आहे आणि कंपनीची मर्यादा दहा टक्के इथेनॉलची आहे. आपल्याकडे पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास झाले आहे. त्याचा ऑक्टेन चांगला आहे, ती तक्रार नाही. पण रबरी नळ्या, कार्ब्युरेटरचे फ्लोट आणि मिश्रणाचे प्रमाण, सगळेच दहासाठी ठरवलेले आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे कार्ब्युरेटरच्या तेवढ्याच छिद्रातून मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि एग्झॉस्ट तापतो. म्हणून आम्हाला उलटा प्रवास करावा लागला: जिथे पेट्रोल उत्तम चालत होते तिथे अ‍ॅव्हगॅसची पिंपे मागवणे आले, आणि त्याबरोबर नीलांबरीताई म्हणतात तो गाळही आला.

एक बरे आहे. पूर्वी अ‍ॅव्हगॅस पूर्णपणे आयात व्हायचे. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याच्या कारखान्यात बनवू लागली आहे.

सह्यकडा

अवांतर विचारतो. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव याच प्रकारातले ना? ते विमान २०१६ मध्ये बीकेसीच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मी पाहिले होते. तेव्हा सगळे पंखांविषयी विचारत होते. इंधनाविषयी विचारायला कोणालाच सुचले नव्हते.

रानवारा

होय, तेच. त्यांना नोंदणी मिळाली २०१७ मध्ये. भारतात पेट्रोल की अ‍ॅव्हगॅस हा प्रश्न कागदपत्रांच्या फार नंतर येतो.

जुना_मेकॅनिक

मी आयुष्यभर विमानांच्या देखभालीत काढले आहे आणि या धाग्यात अ‍ॅव्हगॅसच्या बाजूने कोणी बोलत नाही, म्हणून ते काम अंगावर घेतो.

अ‍ॅव्हगॅस महाग आहे, पण पैशाच्या बदल्यात काय मिळते ते पाहावे. कारखान्यापासून तुमच्या नळीपर्यंत त्याची शुद्धता तपासलेली असते. ते हँगरमध्ये वर्षभर राहिले तरी बिघडत नाही. मोटारीचे पेट्रोल काही महिन्यांत शिळे होऊन कार्ब्युरेटरमध्ये डिंक सोडते. स्वतः विमान बांधणारे लोक पहिल्या वर्षी उडतात कमी आणि पॅनेल उघडून बसतात जास्त. त्यामुळे टाकीत इंधन पडून राहणे हे त्यांच्या बाबतीत ठरलेलेच असते. दूरच्या प्रवासात अनोळखी विमानतळावर उतरल्यावर पेट्रोलचे कॅन घेऊन गावात फिरण्याची हौस कोणाला असेल तर त्यांनी जरूर भागवावी.

तोटाही सांगतो. ७:१ च्या इंजिनाला १०० एलएल मधल्या शिशाची गरजच नसते. लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे त्यात असते, आणि ते बाहेर वाहून नेण्यासाठी घातलेले ब्रोमीनचे संयुग सिलिंडर पुरेसे तापलेले असतील तरच काम करते. जमिनीवर मंद गतीने आणि गडद मिश्रणावर इंजिन चालवत बसलात तर खालच्या स्पार्क प्लगमध्ये शिशाचे बारीक मणी जमतात. प्लग उलटा करून टोकरले की ते हातावर पडतात. उपाय सोपा आहे: टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, मिश्रण चांगले पातळ ठेवावे, आणि प्लग ठरावीक तासांनी वरखाली अदलाबदल करावेत.

ऑक्टेनराव, तुमच्या ७:१ च्या सल्ल्याला माझा विरोध नाही. पण पैसे वाचतात म्हणून पेट्रोल, हे कारण मला पटत नाही. विमान बांधण्याला लागलेल्या खर्चापुढे ती बचत किती?

ऑक्टेनराव

जुने मेकॅनिक साहेब, बचत हे एकच कारण नाही. १०० एलएल उद्या मिळेल का, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत शिसे २०३० च्या अखेरीपर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे, आणि कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीने तर २०२२ च्या सुरुवातीपासून आपल्या विमानतळांवर त्याची विक्री थांबवली. मोटारींतून शिसे अमेरिकेत १९९६ मध्ये आणि भारतात २००० मध्ये गेले. विमानेच मागे राहिली आहेत. विमान आज बांधायला घेतले तर त्याचे बहुतेक आयुष्य शिशानंतरच्या काळात जाणार आहे.

जुना_मेकॅनिक

उद्दिष्टे मी पुष्कळ पाहिली आहेत. पर्यायांची अवस्था पाहा. नॉर्थ डाकोटा विद्यापीठाने २०२३ मध्ये आपल्या शिकवणीच्या विमानांत शिसेविरहित ९४ यूएल भरले, आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजताना दिसल्यावर त्याच वर्षी ते पुन्हा १०० एलएलकडे वळले. जी१०० यूएल या दुसऱ्या शिसेविरहित इंधनाला २०२२ मध्ये सर्व पेट्रोल इंजिनांसाठी मान्यता मिळाली, पण त्याने रंग आणि सीलंट खराब होत असल्याच्या तक्रारी आल्या आणि सिरस कंपनीने आपल्या विमानांत ते वापरू नये असे कळवले. वेगवेगळ्या कंपन्यांची नवी इंधने एकमेकांत मिसळून चालतीलच असेही नाही. इंजिनासाठी नाही तरी टाकीच्या सीलंटसाठी पंखवेडा यांनी हे लक्षात घ्यावे.

नीलांबरी

विद्यापीठाची ती विमाने दिवसभर उडणारी आणि अधिक शक्तीची होती. त्यावरून आठवड्यातून एकदा उडणाऱ्या ७:१ च्या इंजिनाचा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. स्वीडनमध्ये १९९१ पासून शिसेविरहित ९१/९६ विमान-पेट्रोल विकले जात आहे. कमी संपीडनाच्या इंजिनांना त्यावर काही झालेले नाही. सीलंटविषयी मात्र सहमत.

भाबडा_प्रश्न

हा सगळा वाद सोडून डिझेल इंजिनच का घेऊ नये? ते जेट इंधनावर चालते, आणि जेट इंधन तर प्रत्येक मोठ्या विमानतळावर मिळते आणि त्यात शिसेही नसते.

थेम्सकाठ

घेता येते. विस्कॉन्सिनमधल्या डेल्टाहॉक कंपनीच्या १८० अश्वशक्तीच्या इंजिनाला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे. पण आरव्ही-९ए ची मर्यादा १६० अश्वशक्तीची आहे, इंजिन वजनदार आहे आणि किंमत पाहून पंखवेडा यांच्या घरच्यांना गॅरेज परत हवेसे वाटेल.

यानिमित्ताने एक गंभीर गोष्ट. जेट इंधन पेट्रोल इंजिनाच्या टाकीत चुकून भरले जाण्याने अपघात झालेले आहेत. अ‍ॅव्हगॅस निळे असते, जेट इंधन पाण्यासारखे किंवा फिकट पिवळसर. मिश्रण झाले तर निळा रंग फिका पडतो, पण नाहीसा होत नाही, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये. भरताना स्वतः उभे राहावे.

रानवारा

पेट्रोल वापरायचे ठरवले तर दोन कामे दर खेपेला करावीत, असे मी सुचवेन. पहिले, इथेनॉलची चाचणी. खुणा असलेल्या उंच काचनळीत दहा मिलिलिटर पाणी घ्यावे, त्यावर नव्वद मिलिलिटर पेट्रोल ओतावे, बूच लावून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. पाण्याची रेषा दहावरच राहिली तर पेट्रोल शुद्ध आहे. वर सरकली तर पाण्याने इथेनॉल ओढून घेतले आहे. पंपावरच्या पाटीवर विश्वास ठेवू नये. टँकरमध्ये आधी काय होते ते पाटीला ठाऊक नसते.

दुसरे, कॅन भरताना तो पिकअपच्या मागच्या प्लास्टिकच्या अस्तरावर ठेवून कधीही भरू नये. तिथे साचलेल्या स्थिर विजेला जमिनीत जायला वाट मिळत नाही. कॅन खाली फरशीवर ठेवावा आणि पंपाची नळी त्याच्या तोंडाला टेकलेली राहू द्यावी. विमानात ओततानाही आधी विमान आणि कॅन तारेने जोडावेत.

पंखवेडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसाद वाचून आणि लायकमिंगची इंधनांविषयीची १०७० क्रमांकाची सूचना पुन्हा तपासून मी पुढीलप्रमाणे ठरवले आहे.

इंजिन १५० अश्वशक्तीचे, ७:१ चे घेणार. टाक्यांना संचाबरोबर सुचवलेले पॉलिसल्फाइड सीलंटच लावणार, आणि वर ओतून पसरवायचा कोणताही लेप वापरणार नाही, कारण जुन्या प्रकारचे लेप अल्कोहोलने सुटून गाळणीत आल्याची उदाहरणे आहेत. उरलेल्या सीलंटचे तुकडे पत्र्यावर लावून वेगवेगळ्या इंधनांच्या बाटल्यांत काही महिने बुडवून ठेवणार. नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या टेफ्लॉन अस्तराच्या घेणार. इथेनॉल वापरायचे म्हणून नाही, तर कधी चुकून आलेच तर नळीने दगा देऊ नये म्हणून.

चाचणी-उड्डाणांचे सगळे तास १०० एलएल वर करणार. जुने मेकॅनिक यांनी मांडलेली बाजू इथे पटली, आणि माझेही मत असे: नवे विमान, नवे इंजिन आणि नवे इंधन अशा तीन अज्ञात गोष्टी एकदम हवेत नेऊ नयेत. त्यानंतर डाव्या टाकीत अ‍ॅव्हगॅस आणि उजवीत उन्हाळ्यापुरते ९१ पेट्रोल, असा प्रयोग करायचा. उड्डाण आणि उतरणे डाव्या टाकीवर, पेट्रोल फक्त उंचीवर स्थिर उडताना.

एक शंका उरते. विजेवर चालणारा पंप इंजिनकक्षात, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या आगरोधक भिंतीच्या) पुढे बसवावा की केबिनच्या बाजूला?

जुना_मेकॅनिक

केबिनच्या बाजूला, शक्य तितका खाली आणि टाकीच्या जवळ. पंपाने गार इंधन ढकलावे. इंजिनाच्या उष्णतेत तापलेले इंधन त्याला खेचायला लावू नये. फायरवॉलच्या पुढच्या सर्व नळ्यांवर आगरोधक आवरण चढवा आणि त्या एग्झॉस्टपासून दूर न्या. यांत्रिक पंपावर थंड हवेचा एक झोत सोडणारे छोटे आवरण बसवा.

नंतर प्रवाहाची चाचणी घ्या. विमानाचे नाक चढाईच्या सर्वांत तीव्र कोनात उचलून ठेवा, टाकीत अगदी थोडे इंधन ठेवा, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडून बादलीत धरा आणि घड्याळ लावून मोजा. पंपाने पुरवठा होणाऱ्या विमानात टेकऑफच्या खपाच्या १२५ टक्के प्रवाह मिळायला हवा. तुमचे इंजिन टेकऑफला तासाला सुमारे १३ गॅलन पिईल, म्हणजे १६ गॅलनांहून अधिक वेग दिसला पाहिजे. दोन्ही टाक्यांवर वेगवेगळी चाचणी घ्या, आणि आजूबाजूला सिगारेट ओढणारा शेजारी असेल तर त्याला त्या दिवशी चहालाही बोलावू नका.

थेम्सकाठ

हीच चाचणी एखाद्या कडक उन्हाच्या दुपारी, विमान दोन तास बाहेर तापवून, उजव्या टाकीतल्या पेट्रोलवर पुन्हा करावी. सकाळच्या गारव्यात सगळेच पंप चांगले चालतात.

पंखवेडा

नोंद घेतली आहे. सीलंटच्या बाटल्यांचे निकाल आले की याच धाग्यावर छायाचित्रांसह टाकीन.